टाळ्यांचा वर्ग आणि तांबेसर

प्राध्यापक लोकांचं मला कधीच फारसं कौतुक नव्हतं. परळच्या आमच्या सकाळच्या कॉलेजात मी हेडक्लार्क होतो, त्यामुळे ही मंडळी मला आतून-बाहेरून ठाऊक होती. पगाराच्या दिवशी वेळेवर येणार, पेपर तपासून द्यायची वेळ आली की आजारी पडणार, आणि वर वर्षातून एकदा मलाच विचारणार, की परब, तुम्हाला ऑफिसात एवढं काम तरी काय असतं? या लोकांत माझी उभी नोकरी गेली. त्यांतल्या ज्या एका माणसाबद्दल मी हात राखून बोलणार नाही, ते म्हणजे जयवंत तांबे.

तांबेसर वरळीला बीडीडी चाळीत राहायचे. बुटके, सावळे, कोटाच्या खिशात कायम खडूचे तुकडे, त्यामुळे खिशाची कड पांढरी झालेली. मॅट्रिक झाल्यापासून ते चाळीतल्या मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवत आले होते आणि ते करता करताच इतिहासात एम.ए. झाले. छप्पनच्या जानेवारीत मुंबईसाठी सत्याग्रह करून ठाण्याच्या तुरुंगात गेले, तर तिथेही बराकीतल्या लोकांना इतिहास शिकवत बसले. तिथला वर्ग चांगला, विद्यार्थी पळून जाऊ शकत नाहीत, असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. त्याच वर्षी दसऱ्याला चाळीतल्या सगळ्यांबरोबर त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला. तेव्हापासून त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर असे, आणि खाली चटईवर कोणी ना कोणी पाटी घेऊन बसलेलं असे.

आमचं कॉलेज सकाळी सातला सुरू व्हायचं आणि लोक कामावर जायच्या आत संपायचं. विद्यार्थी म्हणजे गिरण्यांच्या ऑफिसांतले कारकून, कंपाउंडर, टपालवाले. काहींची मुलं शाळेत जाणारी. शिकवणारेही निम्म्याहून जास्त अर्धवेळ. कोणी कोर्टात जायच्या आधी, कोणी शाळा भरायच्या आधी येऊन तास घेणार आणि खडूचे हात झटकत पळणार. दर वर्षी तपासणी व्हायची. आमचे प्रिन्सिपॉल आणि बाहेरचे एक निवृत्त प्राध्यापक वर्गात मागे बसून तास ऐकायचे. शेरा वाईट पडला, की त्या माणसाला पुढच्या टर्मला बोलावणं नाही. अर्धवेळवाल्याला काढायला काय लागतं? त्याला कळवलं नाही, तरी काम भागतं.

तांबेसरांना हे पटेना. ते प्रिन्सिपॉलांच्या खनपटीला बसले. गिरणीत नवा माणूस लावला तर त्याला आधी कोणाच्या तरी हाताखाली देतात, आपण मास्तरला थेट वर्गात ढकलतो आणि मग त्याला येत नाही म्हणून हाकलतो, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी प्रिन्सिपॉल कंटाळून म्हणाले, की बरं, वाईट शेऱ्याच्या माणसाला एक टर्म देऊ, पण त्याची जबाबदारी तुमची. तेव्हापासून अशी माणसं तांबेसरांकडे यायला लागली.

पहिले आले ते गिरगावचे हेमचंद्र धुरंधर वकील. कायदा शिकवायचे म्हणजे पिवळ्या पडलेल्या नोट्स मान खाली घालून उतरवून द्यायचे. सरांनी त्यांना एवढंच सांगितलं, की आठवडाभर नोट्स घरी ठेवून या. पहिल्या दिवशी वकीलसाहेबांना घाम फुटला. मग आदल्या दिवशी कोर्टात पाहिलेलं भाड्याच्या खोलीच्या पागडीचं एक भांडण त्यांनी घाबरत घाबरत सांगितलं आणि वर्ग पुढे सरकून बसला. पुढे पुढे तर तास संपला तरी पोरं त्यांना सोडीनात. धुरंधर गाजले, पण ते सोपं काम होतं. खरी कसोटी लागली ती कौसल्या दळवींच्या वेळी.

कौसल्याबाई आमच्या लालबागच्या. वडील गिरणीत विणकर होते, हात जायबंदी झाल्यावर घरी बसले. मुलगी दिवसा दादरला मुलींच्या शाळेत शिकवायची, ते करून एम.ए. झाली आणि आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राला लागली. कॉलेजात शिकवणाऱ्या त्या एकट्या बाई. बाप चाळीच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, पोरगी प्रोफेसर झाली. आणि बाई बोलायच्या काय! ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे. लालबाग-परळला मैदान भरलं, की कौसल्या दळवींचं नाव पुकारलं जायचं आणि बायका पोरं कडेवर घेऊन पुढे सरकायच्या. "मुंबई कोणाची?" असं त्यांनी विचारायचा अवकाश, उत्तरानं समोरच्या चाळींची कौलं हलायची. मी स्वतः त्यांच्या सभेला घसा बसेपर्यंत ओरडलेलो आहे.

वर्गातही तेच. बाई आत आल्या की टाळ्या, तास संपला की टाळ्या. शेजारच्या वर्गाला आपला तास सोडून इकडे यावंसं वाटायचं. सत्तावन्नच्या दिवाळीआधी सहामाही झाली आणि या टाळ्यांच्या वर्गाचा निकाल कॉलेजात सगळ्यांत वाईट लागला. तपासणी त्याच सुमाराला झालेली होती. शेरा पडला, 'असमाधानकारक'. फेब्रुवारीत पुन्हा तपासणी होईल, तेव्हाही तसाच शेरा आला तर बाईंना निरोप. आणि कॉलेजानं शिकवता येत नाही म्हणून काढलेल्या बाईला मुंबईत दुसरं कुठलं कॉलेज दारात उभं करणार?

बाई ऑफिसात आल्या त्या रागानं लाल होऊन. मी सभांत बोलते, ते संस्थेतल्या मोठ्या लोकांच्या डोळ्यांत खुपतं, म्हणून हा शेरा, असं त्यांनी मला ठणकावून सांगितलं. मला ते शंभर टक्के पटलं. वर्गालाही पटलं. गणपत मयेकर नावाचा त्यांचा विद्यार्थी होता, गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून, बाईंपेक्षा वयानं मोठा. त्यानं तिथल्या तिथे मोर्चा ठरवलासुद्धा. बाईंना हात लावला तर कॉलेज बंद! आणि तो मोर्चा निघाला असता, तर संस्थेनं हात जोडून शेरा मागे घेतला असता यात मला शंका नाही. गिरणगावात तेव्हा तशी हवाच होती.

तांबेसर ऑफिसच्या बाकावर हे सगळं ऐकत बसले होते. ते बाईंना म्हणाले, की मोर्चा निघायचा तेव्हा निघेल, आधी मला तुमच्या तासाला बसू द्या. बाईंनी नाखुशीनंच होकार दिला. सर चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, त्यांना संस्थेचा माणूस म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात गेले आणि त्यांनी एक विचित्रच गोष्ट केली. खुर्ची उचलून फळ्याजवळ कोपऱ्यात नेली आणि बाईंकडे पाठ करून, विद्यार्थ्यांकडे तोंड करून बसले. तासभर त्यांनी बाईंकडे एकदाही पाहिलं नाही. बाई भडकल्याच. तास संपल्यावर ऑफिसात येऊन त्यांनी विचारलं, की मी शिकवत होते, तुम्ही पाहत होतात कुठे?

सर म्हणाले, "मला तुमचा विषय येत नाही, म्हणून मी वर्ग पाहिला. तुम्ही जे जे विचारलंत त्याचं उत्तर तुम्हीच दिलंत. समजलं का विचारलंत, तर सगळे एका सुरात होय म्हणाले. एका माणसाचा हात वर येत होता, तो अर्ध्यावर डोकं खाजवायला गेला."

बाई म्हणाल्या, होय म्हणाले म्हणजे समजलं. सर म्हणाले, समजलं असतं तर सहामाहीत लिहिलं असतं. पेपर तपासणारा काही संस्थेतल्या मोठ्या लोकांपैकी नव्हता.

यावर बाई जास्तच चिडल्या. म्हणाल्या, तुम्हीसुद्धा त्यांनाच सामील. हे ऐकून मला सरांची कीव आली. पण ते शांतपणे बाकावर सरकून बसले आणि त्यांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मी ती ऐकली नव्हती.

"माझी आई रखमा. चाळीतला वर्ग सुरू केला तेव्हा पहिली विद्यार्थीण तीच. वर्षभर रोज शिकवलं. रोज विचारायचो, आये, समजलं? ती म्हणायची, व्हय रं, समजलं. मी खूश. मग एकदा तिला ताप आला, मी कामावर होतो, ती एकटीच दवाखान्यात गेली. दारावर पाटी होती, आज दवाखाना बंद. त्या पाटीखाली ती ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून होती. मी विचारलं, तुला वाचता येत नव्हतं तर इतके दिवस होय का म्हणायचीस? म्हणाली, तू दमून-भागून येऊन एवढं शिकवतोस, नाही म्हटलं तर तुला वाईट वाटंल."

बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या.

"तुमचा वर्ग तुमच्यावर असाच जीव टाकतो," सर म्हणाले. "मोर्चानं तुमची जागा राहील, त्यात वाद नाही. पण ती पोरं त्या पाटीखाली बसून राहतील."

बाई उठल्या, डोळे पुसले आणि तशाच वर्गात गेल्या. त्यांनी मयेकरला मोर्चा मोडायला सांगितलं. तो ऐकेना, तेव्हा सभेतला आवाज काढून सांगितलं. मला खरं सांगायचं तर सरांचा रागच आला होता. हातातली जिंकलेली लढाई सोडून द्यायला लावणारा हा कसला शहाणपणा, असं मी घरी बायकोला, कांताला, बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तुमचा मुलगा नापास झाला असता तर तुम्ही मोर्चा काढला असतात काय हो?" मी जेवायला वाढ म्हटलं.

मग बाईंची शिकवणी सुरू झाली. सरांचं सांगणं एकच असे, की प्रश्न विचारा आणि गप्प राहा. ऐकायला सोपं, पण बाईंना ते जमता जमेना. सभेत वक्ता थांबला आणि समोर शांतता पसरली, तर माणसं उठून चालली असं समजायचं. ही भीती त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. सर म्हणायचे, वर्गातली शांतता वेगळी, तिथे माणूस विचार करत असतो. कधी कधी झोपलेला असतो, पण ते डोळ्यांवरून कळतं. पहिल्याच दिवशी बाई प्रश्न विचारून गप्प राहिल्या, तर बाईंना पुढचं आठवत नाही असं वाटून मागच्या बाकावरून एकानं त्यांची लाज राखायला "संयुक्त महाराष्ट्र" अशी आरोळी ठोकली आणि सगळ्या वर्गानं "झालाच पाहिजे" म्हणून साथ दिली. अर्थशास्त्र राहिलं बाजूला. सर कोपऱ्यात पोट धरून हसत होते.

पण बाई जिद्दीच्या होत्या. हातात खडू घट्ट धरून त्या थांबायला शिकल्या. टाळ्या बंद करायला सांगितल्या. सरसकट "समजलं का?" विचारायचं सोडून एकेकाला फळ्याशी बोलवायला लागल्या, चुकला तर न हसता तिथेच उभं ठेवून त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायला लागल्या. सर आठवड्यातून एकदा कोपऱ्यात बसायचे आणि नंतर एकच गोष्ट सांगायचे, दोन कधी नाही. एका वेळी एक सुधारली म्हणजे पुष्कळ, म्हणायचे. नाताळच्या सुमाराला पहिला हात धड वर आला. मग दुसरा. जानेवारीत तर वर्गात असा कलकलाट असायचा, की शेजारच्या वर्गावरच्या मास्तरांना तक्रार घेऊन यावं लागलं. सगळे विचारायचे. फक्त मयेकर विचारत नसे. तो बाईंचा सगळ्यांत मोठा भक्त, बाईंच्या तासाला शंका काढणं त्याला पाप वाटायचं.

फेब्रुवारीत तपासणीचा दिवस आला. सरांचा शेजारच्या वर्गात तास होता. मला हजेरीपट घेऊन प्रिन्सिपॉलांच्या आणि त्या पाहुण्या प्राध्यापकांच्या मागे बसवलं होतं. परीक्षा जवळ आलेली, त्यामुळे बाईंनी मागणीच्या नियमाची उजळणी घेतली. वस्तूचा भाव वाढला की माणूस ती कमी घेतो, भाव उतरला की जास्त घेतो. फळ्यावर तिरपी रेघ काढली, भाजी-मासळीची उदाहरणं दिली. तास कसा लोण्यासारखा चालला होता. बाईंनी दोघा-तिघांना विचारलं, त्यांनी पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. कोणी एक शंका काढली नाही. पाहुणे मान हलवत होते. मी मनात म्हटलं, जागा राहिली.

शेवटी बाईंनी विचारलं, "कोणाला काही समजलं नसेल तर सांगा."

"सगळं समजलं, बाई!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

बाई थबकल्या. त्या वर्गाच्या तोंडून असा एक सूर कित्येक आठवड्यांत निघाला नव्हता. मग मलाही उमगलं. मयेकरनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की आज बाईंच्या जागेचा प्रश्न आहे, कोणी शंका काढायची नाही, सगळं समजलं म्हणायचं. बाईंना ते कोणी सांगायची गरज नव्हती. पुढे बसलेला मयेकर खाली पाहत होता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मागे पाहुण्यांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर तास तिथेच संपला असता.

"मयेकर, फळ्याशी या."

"बाई, आज नको," तो हळूच म्हणाला. "उद्या विचारा."

"आजच या."

तो उठला. फळ्याशी जाऊन तो रेघेकडे बघत उभा राहिला आणि बाई गप्प उभ्या राहिल्या. इतकी शांतता, की मला घसा खाकरावासा वाटत होता. शेवटी तो म्हणाला, "मला हे जूनपासून समजलेलं नाही."

पाहुण्यांनी पेन खाली ठेवलं.

"भाव वाढला की माणूस कमी घेतो म्हणता," मयेकर म्हणाला, "मग गणपतीत दादरला फुलं कितीतरी महाग होतात आणि तरी आमची चाळ एरवीपेक्षा जास्त घेते. तेव्हा हा नियम जातो कुठे?"

मला वाटलं, मेलो. पण बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी उत्तर दिलंच नाही. उलट विचारलं, की एरवी, गणपती नसताना, त्या भावाला किती फुलं घ्याल? तो म्हणाला, एक पाकळीसुद्धा नाही. बाईंनी विचारलं, आणि गणपतीतच भाव त्याहून चढला असता तर? मयेकरनं डोकं खाजवलं, रेघेकडे पाहिलं, बराच वेळ घेतला. मग म्हणाला, मग हार आखूड केला असता. म्हणजे काय झालं, असं विचारून बाई पुन्हा थांबल्या.

"म्हणजे गणपतीतही भाव चढला तर घेणार कमीच," तो एकेक शब्द तोलत म्हणाला. "नियम आहेच. फक्त गणपतीत सगळ्यांनाच फुलं हवी असतात. म्हणून..." आणि त्यानं खडू उचलून पहिल्या रेघेच्या उजवीकडे तशीच दुसरी तिरपी रेघ ओढली. "ही सगळी रेघच सरकते."

"आता कोणाला समजलेलं नाही?" बाईंनी विचारलं, आणि वर्गभर हात वर आले. कोणाचं मीठ अडलं होतं, कोणाचं लग्नसराईतलं सोनं. घंटा झाली तेव्हा उजळणी अर्धीसुद्धा झाली नव्हती. प्रिन्सिपॉल कपाळाला आठ्या घालून बाहेर पडले.

मयेकर माझ्या मागोमाग ऑफिसात आला आणि टेबलावर डोकं टेकून रडायलाच लागला. एवढा थोरला माणूस. "परब, मी बाईंची नोकरी घालवली," एवढंच म्हणत होता. त्याला धीर द्यावा असं मला काही सुचेना, कारण मलाही तसंच वाटत होतं. कामावर जायला उशीर होईल म्हणून तो तसाच डोळे पुसत निघून गेला.

थोड्या वेळानं प्रिन्सिपॉल आणि पाहुणे ऑफिसात आले. पाठ पुरा झाला नाही, हे प्रिन्सिपॉलांनी दोनदा बोलून दाखवलं. पाहुणे खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी जन्मभर शिकवलं. तपासणी चालू असताना उठून मला समजलं नाही असं म्हणायची हिंमत माझ्या एकाही विद्यार्थ्याला झाली नाही. या बाईंना सोडू नका."

मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या शाळेला निघाल्या होत्या. ऐकून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मयेकरांना कोणी सांगितलं का? ते घाबरले असतील." मी म्हटलं, जातो. कॉलेजचं काम तसंच टाकून मी गिरणीवर गेलो. माझ्या नोकरीत मी असं कधी केलेलं नाही.

मयेकरला फाटकाशी बोलावून घेतलं आणि सांगितलं, की बाई राहिल्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, काढलं, मला मिठी मारली आणि पहिली गोष्ट म्हणाला ती ही, की मग परब, अजून दोन धडे आहेत जे मला समजलेले नाहीत, तेही उद्या विचारतो.

संध्याकाळी वरळीला जाऊन मी हे तांबेसरांना सांगितलं. ते चटईवर एका म्हाताऱ्या बाईला अक्षरं गिरवून देत होते. मयेकरचे राहिलेले दोन धडे ऐकून ते खडू हातात धरून इतके हसले, की डोळ्यांना पाणी आलं.

"परब," ते म्हणाले, "आज बाईंची नोकरी पक्की झाली."

आणि त्या म्हाताऱ्या बाईकडे वळून त्यांनी विचारलं, कुठलं अक्षर अडलं ते सांग.